स्पेक्ट्रमच्या कॅसेटी आणि त्यांचे जतन

झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड होती, ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५. एवढ्या किमतीत पडदा आणि डिस्क देणे शक्यच नव्हते. पडद्याचे काम घरातला टीव्ही करी आणि प्रोग्रॅम साठवण्याचे काम घरातलाच कॅसेट रेकॉर्डर. फ्लॉपी ड्राइव्ह तेव्हा सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होता. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत या यंत्रासाठी जे हजारो गेम, लेखनाचे आणि हिशेबाचे प्रोग्रॅम, शालेय धडे निघाले, ते बहुतेक सगळे गाण्यांसाठी वापरतात त्याच कॅसेटींवर विकले गेले.

कॅसेटवर असे तो निव्वळ आवाज. स्पेक्ट्रममधला झेड८०ए प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांच्या गतीने चाले आणि टेपवरच्या प्रत्येक गोष्टीची लांबी या ठोक्यांत मोजली जाई. शून्य म्हणजे प्रत्येकी ८५५ ठोक्यांच्या दोन स्पंदांची लाट. एक म्हणजे त्याच्या बरोबर दुप्पट, १७१० ठोक्यांच्या दोन स्पंदांची. प्रत्येक भागाआधी काही सेकंद एकसुरी शीळ वाजे. ती ऐकली की मजकूर येतो आहे हे यंत्राला कळे. मग प्रोग्रॅमचे नाव, प्रकार आणि लांबी सांगणारे १७ बाइट, त्यामागून प्रत्यक्ष मजकूर, आणि सगळे नीट आले का हे ताडून पाहण्यासाठी शेवटी एक बाइट. सेकंदाला सरासरी दीड हजार बिट या चालीने मोठा गेम चढायला चार-पाच मिनिटे लागत. तेवढा वेळ टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावत आणि स्पीकरमधून किरकिर ऐकू येई. मधेच कुठे टेप अडखळली की ‘टेप लोडिंग एरर’ असा संदेश उमटे आणि कॅसेट पहिल्यापासून लावावी लागे.

प्रोग्रॅम म्हणजे आवाज असल्याने आवाजाचे जे जे होऊ शकते ते सगळे प्रोग्रॅमचेही झाले. बेलग्रेड रेडिओवर १९८३ पासून ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमात संगणकांचे प्रोग्रॅम थेट प्रसारित होत आणि श्रोते ते घरच्या रेकॉर्डरवर टिपून घेत. ब्रिटनमधल्या शाळांत दोन खणांच्या टेप रेकॉर्डरवर एका कॅसेटची दुसरी होई. हा प्रकार थांबवण्यासाठी कंपन्यांनी टेपवाचनाची प्रमाणित पद्धत सोडून स्वतःच्या पद्धती काढल्या. वेगळी गती, मुद्दाम तोडलेली शीळ, मजकूर चढता चढता स्वतःलाच उलगडणारे संकेत, असे बरेच काही त्यांत असे. ‘स्पीडलॉक’ हे त्यांतले सर्वांत नाव मिळवलेले कुलूप. कॉपी करणारे थांबले नाहीत, पण पुढे संग्रहकारांना या कुलपांनी बराच घाम फोडला.

यंत्राच्याही नकला झाल्या. पोर्तुगालमध्ये टायमेक्सची यंत्रे, ब्राझीलमध्ये मायक्रोडिजिटलचे टीके९०एक्स, चेकोस्लोव्हाकियात डिडाक्टिक, आणि सोव्हिएत संघात जुळवलेली असंख्य यंत्रे, ज्यांतले मॉस्कोचे ‘पेंटॅगॉन’ सर्वांत पसरले. भारतात हे यंत्र परवाना घेऊन आले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने बाजारात आणली आणि १९९० च्या सुमारास त्या बाजारातला जोर ओसरेपर्यंत ती विकली गेली. महाराष्ट्रातल्या पुढच्या पिढीला ‘टीव्ही गेम’ या नावाने माहीत असलेली यंत्रे वेगळ्या कुळातली, जपानी निन्टेन्डोच्या नकला होती. जतनाचा प्रश्न त्यांच्याबाबतही हाच आहे, फक्त तिथे कॅसेटच्या जागी चिप बसवलेले कार्ट्रिज आहे.

सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय एप्रिल १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना विकत घेतला. १९९२ पर्यंत यंत्राचे उत्पादन संपले. ‘क्रॅश’ हे मासिक त्याच वर्षी बंद पडले, ‘सिंक्लेअर यूझर’ आणि ‘युअर सिंक्लेअर’ पुढच्या वर्षी. गेम काढणाऱ्या कंपन्या त्याआधीच बुडाल्या होत्या किंवा एकमेकींनी गिळल्या होत्या. मूळ टेप कुठे गेल्या याची विचारपूस करायलाही कुणी उरले नव्हते. ब्रिटनमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची आणि मासिकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीत देण्याचे कायदेशीर बंधन होते. कॅसेटवरच्या प्रोग्रॅमला ते लागू नव्हते. त्यामुळे गेमची जाहिरात राष्ट्रीय ग्रंथालयात सुरक्षित राहिली आणि खुद्द गेम माळ्यावरच्या खोक्यात पडला.

सरकारी वा संस्थात्मक जपणूक असती तर सगळे ठीक झाले असते असेही नाही. विल्यम राजाच्या १०८६ च्या जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षे झाल्यानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये ‘डूम्सडे’ प्रकल्प केला. देशभरच्या शाळांनी गोळा केलेली छायाचित्रे, नकाशे आणि वर्णने खास लेसर डिस्कवर साठवली गेली. सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाला जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल उभारून तो मजकूर बाहेर काढावा लागला. अकराव्या शतकातली मूळ वही मात्र आजही वाचता येते. स्पेक्ट्रमच्या बाजूने एकच गोष्ट होती, आणि तीच निर्णायक ठरली: प्रती भरपूर होत्या. यंत्रे पन्नास लाखांच्या आसपास खपली होती, आणि प्रत्येक यंत्राभोवती विकतच्या व उसन्या कॅसेटींचा ढीग होता. ज्या कॉपी करण्यावर उद्योगाने दहा वर्षे आगपाखड केली, त्याच कॉपीमुळे उद्योगाचा माल टिकला, हे मान्य करण्यावाचून इतिहासाला गत्यंतर नाही.

जतनाची सुरुवात जतन म्हणून झालीच नाही. १९९० च्या आसपास घरोघरचे पीसी इतके वेगवान झाले की त्यांच्यात स्पेक्ट्रमचे सोंग वठवता येऊ लागले. अशा प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. तो झेड८० च्या प्रत्येक आज्ञेचे काम स्वतः करून दाखवतो आणि जुन्या प्रोग्रॅमला आपण खऱ्या यंत्रातच आहोत असे भासवतो. सुरुवातीच्या एम्युलेटरांपैकी डच प्रोग्रॅमर गेर्टन लंटर याचा ‘झेड८०’ बराच पसरला. एम्युलेटर झाला की त्याला खाद्य लागते. लोक आपल्या कॅसेटी पीसीत चढवू लागले आणि त्या फायली इंटरनेटवर ठेवू लागले. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एनव्हीजी या संघटनेचा सर्व्हर हे त्या काळचे मोठे कोठार होते. नोव्हेंबर १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टिन फान डर हाइडे याने ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’ सुरू केले. आधीच्या कोठारांत फायली होत्या. इथे त्यांना सूची मिळाली. कोणता गेम, कुणी लिहिला, कुणी प्रकाशित केला, कोणत्या वर्षी, कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या मासिकाच्या कोणत्या अंकात परीक्षण आले, अशा नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या. ही यादी वाढत वीस हजारांहून अधिक नावांवर पोहोचली.

पहिल्या लाटेतल्या बहुतेक फायली ‘स्नॅपशॉट’ होत्या. गेम यंत्रात पूर्ण चढल्यावर स्मृतीत जे काही असेल ते जसेच्या तसे उतरवून घेतले की स्नॅपशॉट होतो. खेळायला तो पुरे. संग्रहाच्या दृष्टीने मात्र तो अपुरा, कारण त्यात टेपच नसते. चढताना दिसणारे चित्र, कंपनीचे कुलूप, टेपवरचा भागांचा क्रम, हे सगळे गेलेले असते. शिवाय अनेक स्नॅपशॉट आधीच कुणीतरी कुलूप फोडून, ‘न संपणारे जीव’ घालून, वर आपले टोपणनाव ठोकून पुढे ढकललेल्या प्रतींचे होते. पुढे ‘टॅप’ ही फाइल आली. तिच्यात टेपवरचा मजकूर भागाभागाने राही, पण फक्त प्रमाणित गतीचा. स्पीडलॉकसारख्या टेपा तिच्यात मावत नव्हत्या.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोमाझ काट्स याने आखलेल्या ‘टीझेडएक्स’ या प्रकाराने ही अडचण सोडवली. टीझेडएक्स म्हणजे टेपचे शब्दशः वर्णन. शीळ किती स्पंदांची, प्रत्येक स्पंद किती ठोक्यांचा, शून्याची आणि एकची लांबी किती, दोन भागांत थांबा किती, हे सगळे फाइलमध्ये लिहिलेले असते. त्या वर्णनावरून मूळ आवाज पुन्हा तयार होतो आणि तो खऱ्या स्पेक्ट्रमच्या कानात सोडला तर गेम कुलपासकट चढतो. टेपवरचा खरखराट, चालीतले चढउतार, कमीजास्त आवाज मात्र गाळलेले असतात. यावर संग्रहकारांत मतभेद राहिले: काहींच्या मते मूळ ध्वनिमुद्रणही जपले पाहिजे, कारण आज निरर्थक वाटणाऱ्या खरखरीत उद्या कुणाला काही सापडू शकते. जागा स्वस्त झाल्यावर त्यांचे म्हणणे अधिक पटू लागले.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणे आणि नाजूक आहे. तीस-चाळीस वर्षांची कॅसेट, तिचा स्पंजचा तुकडा झडलेला, फितीचे वेढे एकमेकांना चिकटलेले. आधी ती पुढेमागे फिरवून मोकळी करायची, टेप रेकॉर्डरचे हेड अल्कोहोलने पुसायचे. हेडचा कोन मूळ मुद्रण करणाऱ्या यंत्राच्या कोनाशी जुळला नाही तर उंच स्वर बोथट होतात आणि छोटे स्पंद हरवतात. म्हणून बारीक पेचकसाने स्क्रू फिरवत, शीळ सर्वांत खणखणीत ऐकू येईल तिथे तो थांबवायचा. मग सेकंदाला ४४,१०० नमुने घेत आवाज संगणकात उतरवायचा आणि प्रोग्रॅमकरवी स्पंद मोजायचे. शेवटचा पडताळणीचा बाइट जुळला तर काम फत्ते. न जुळल्यास दुसरी बाजू वाजवायची, कारण बऱ्याच कंपन्या दोन्ही बाजूंवर तोच गेम भरत. तीही खराब असेल तर दुसरी कॅसेट शोधायची. दोन वेगळ्या प्रतींतून मिळालेला मजकूर बाइट-बाइट सारखा निघाला की मगच प्रत खात्रीची मानायची, ही शिस्त हळूहळू रुजली. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘टोसेक’सारख्या सूचींनी प्रत्येक फाइलला तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा जोडला, त्यामुळे एकाच गेमच्या खऱ्या, फोडलेल्या आणि बिघडलेल्या प्रती वेगळ्या ओळखता येऊ लागल्या.

कोणती प्रत ‘खरी’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मॅथ्यू स्मिथचा ‘जेट सेट विली’ हा १९८४ चा गाजलेला गेम. त्यातल्या पोटमाळ्याच्या खोलीत शिरले की स्मृतीतला दुसरा मजकूर बिघडे आणि पुढे काही खोल्यांत पाऊल टाकताच गेमचा नायक विली मरे. प्रकाशकाने आधी ही गेममधलीच खुबी असल्याचे सांगितले, नंतर दुरुस्तीचे आकडे प्रसिद्ध केले. दुरुस्त केलेली प्रत खेळायला चांगली, पण त्या वर्षी मुलांच्या हाती पडली ती सदोषच. संग्रहाला दोन्ही ठेवाव्या लागतात, आणि सदोष प्रत ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा लागतो.

याच गेमच्या कॅसेटसोबत रंगीत चौकटींचे एक कार्ड येई. सुरू करताना यंत्र कार्डावरच्या एखाद्या चौकटीचा पत्ता देई आणि तिथले चार रंग पाहून सांगावे लागत. रंगीत झेरॉक्स तेव्हा सहज मिळत नसे, हाच या कुलपाचा आधार होता. १९८५ च्या ‘एलिट’सोबत ‘लेन्सलॉक’ नावाची प्लॅस्टिकची लोलकपट्टी येई. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे तिच्यातूनच वाचता येत, आणि काही खोक्यांत ती चुकीचीच घातली गेल्याने पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकालाच गेम उघडेना. अशा वस्तूंमुळे संग्रहकारांच्या लवकर ध्यानात आले की टेप एकटी जपून भागत नाही. कार्ड, पुस्तिका, नकाशे, वेष्टनाचा कागद, सगळे स्कॅन होऊ लागले. मासिकेही अंकानुअंक स्कॅन झाली. त्यांत वाचकांनी स्वतः टंकायचे छापील प्रोग्रॅम असत. ते कुठल्याच कॅसेटवर नव्हते, म्हणून स्वयंसेवकांनी ते ओळीओळीने पुन्हा टंकून काढले.

यंत्राचे ज्ञानही जपावे लागले. स्पेक्ट्रममध्ये चित्र, आवाज, कळफलक आणि टेप हे सगळे फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए ही एकच चिप सांभाळी. ती पडद्याची स्मृती वाचत असताना प्रोसेसरला क्षणभर थांबवून ठेवी, आणि चलाख प्रोग्रॅमर हा थांबा हिशेबात धरून प्रोग्रॅम लिहीत. ‘आर्कनॉइड’सारखे काही गेम तर कुणी न वापरलेल्या तारेवर यूएलएच्या वाचनाचे जे अवशेष राहत, ते पाहून पडद्यावरची किरणरेषा कुठवर आली ते ओळखत. कोणत्याही पुस्तिकेत हे लिहिलेले नव्हते. एम्युलेटरमध्ये असे गेम अडखळत, आणि प्रत्येक अडखळण्यामागचे कारण शोधताना यंत्राची खोलवर माहिती बाहेर आली. २०१० मध्ये क्रिस स्मिथ याने यूएलएच्या आतल्या रचनेचे संपूर्ण विश्लेषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा या शोधाला पक्का पाया मिळाला.

कायद्याच्या बाबतीत हा सारा उद्योग बराच काळ अधांतरी होता. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे प्रताधिकार टिकतो, म्हणजे १९८२ चा गेम एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मोकळा होण्याची शक्यता कमी. यंत्रातला मूळ १६ किलोबाइटांचा प्रोग्रॅम अ‍ॅमस्ट्रॅडच्या मालकीचा होता आणि त्याच्याशिवाय एम्युलेटर चालत नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने जाहीरपणे सांगितले की हक्क आमचेच राहतील, पण प्रताधिकाराची सूचना न पुसता एम्युलेटरसोबत हा प्रोग्रॅम वाटायला आमची हरकत नाही. एका मोठ्या कंपनीने इतक्या साध्या शब्दांत दिलेली ही मुभा या क्षेत्रात अपवादात्मकच म्हणावी लागेल. गेमच्या प्रकाशकांना आणि लेखकांना वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रमने एकेक करून पत्रे लिहिली. बहुतेकांनी आनंदाने होकार दिला. काहींनी नकार दिला. त्यांत ‘नाइट लोअर’ काढणाऱ्या अल्टिमेटचा वारसा सांभाळणारी रेअर कंपनीही होती. तिथे सूचीत गेमचे नाव राहिले, फाइल काढली गेली. रेअरने २०१५ मध्ये आपल्या जुन्या गेमचा संच नव्याने विकला, तेव्हा ‘नाइट लोअर’ त्यात होता. म्हणजे नकार देणाऱ्याचे सगळेच म्हणणे पोकळ नव्हते. पण असे नशीब थोड्याच गेमना लाभते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात कुठेच उपलब्ध नसल्याचे आढळले.

अमेरिकेत २००३ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाच्या मागणीवरून कालबाह्य माध्यमांवरचे प्रोग्रॅम आणि गेम जतनासाठी कुलूप फोडून उतरवण्याची मर्यादित सवलत मिळाली. संशोधकांना ते घरबसल्या पाहू द्यावेत ही ग्रंथालयांची विनंती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मुभा आहे, पण ती ग्रंथालयाकडे बिगर-डिजिटल प्रत असलेल्या कृतींसाठी. जन्मापासून डिजिटल असलेल्या प्रोग्रॅमला ती सरळ लागू पडत नाही. मराठीच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नाही. सी-डॅकचे जिस्ट, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी अशा साधनांवर युनिकोडपूर्व काळात असंख्य मराठी मजकूर घडला. त्या फायली उघडायच्या तर तो फॉन्ट, तो प्रोग्रॅम आणि कधी कधी ते यंत्रही लागते.

२०१३ पासून इंटरनेट अर्काइव्हने एम्युलेटर थेट ब्राउझरमध्ये चालवायला सुरुवात केली. जानेवारी २०१५ मध्ये पीसीच्या जुन्या डॉस प्रणालीवरचे सुमारे २,४०० गेम असे खुले झाले, आणि स्पेक्ट्रमचा मोठा संग्रहही तिथे आहे. काहीही उतरवून न घेता, पानावर कळ दाबून गेम सुरू होतो. संग्रहाचा वाचकवर्ग यामुळे हौशी मंडळींपलीकडे गेला. पण एकाच ठिकाणी सगळे ठेवण्याचा धोकाही दिसला: ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे अर्काइव्ह काही दिवस बंद राहिले.

वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रमलाही हा धडा वेगळ्या मार्गाने मिळाला. वर्षानुवर्षे एका माणसाच्या हाती असलेली ही सूची, तो बाजूला झाल्यावर अडखळू लागली आणि नव्या नोंदी थांबल्या. तेव्हा २०१६ च्या सुमारास आइनार साउकास या ब्राझिलियन स्पेक्ट्रमप्रेमीने ‘झेडएक्सडीबी’ ही खुली माहितीसूची तयार केली. कुणीही ती उतरवून घ्यावी, तपासावी, आपल्या साधनांत वापरावी, असे तिचे स्वरूप आहे. ‘स्पेक्ट्रम कॉम्प्युटिंग’सारखे नवे संग्रह तिच्यावरच उभे राहिले. फायलींच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवायची सवय आधीपासून होती. सूचीचीही प्रत अनेकांकडे असायला हवी हे उशिरा कळले.

या सूचीत न सापडलेल्या गेमच्याही नोंदी आहेत. मासिकात जाहिरात आली, एखादे परीक्षणही छापले गेले, पण टेप हाती लागलेली नाही, अशा नावांसमोर ‘बेपत्ता’ असा शेरा असतो. त्यांत टपालाने थोड्याच प्रती विकणाऱ्या घरगुती प्रकाशकांचे गेम, शाळांसाठीचे धडे आणि व्यावसायिक उपयोगाचे प्रोग्रॅम जास्त, कारण मुले ज्याची कॉपी करत नसत त्याच्या प्रती कमी उरल्या. पूर्व युरोपातली अडचण वेगळी आहे: तिथे टेपांइतक्याच फ्लॉपी चालत, आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन कॅसेटपेक्षा नाजूक असते. मधूनमधून लिलावात, एखाद्या लेखकाच्या जुन्या सामानात किंवा मिश्र कॅसेटच्या शेवटी एखादे बेपत्ता नाव सापडते; मग ती टेप उतरवली जाते, पडताळली जाते आणि सूचीतला शेरा बदलतो.